कामातला वाटा : डहाणू-तलासरीतील आरंभीचा स्मृतिभ्रंश आणि समाजाचा आधार

स्मृतिभ्रंश हे एकाच आजाराचे नाव नाही. मेंदूतील पेशींचा हळूहळू होणारा ऱ्हास किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाड यांमुळे स्मरण, भाषा, दिशाभान, हिशेब आणि निर्णयशक्ती यांत उत्तरोत्तर येणाऱ्या घटीला दिलेले ते सामूहिक नाव असून, अल्झायमर हा त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. आरंभीच्या टप्प्यात माणूस हिंडतो-फिरतो, गप्पा मारतो, स्वतःचे जेवणखाण व आंघोळ स्वतः उरकतो. मात्र कालपरवाच्या गोष्टी त्याच्या मनात टिकत नाहीत, अनेक पायऱ्यांच्या कामात तो मध्येच अडतो, पैशांच्या व्यवहारात चुकतो, आणि पुष्कळदा या चुका त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत असल्यामुळे तो मनातून धास्तावलेला असतो. डोनेपेझिलसारखी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य करतात, पण मूळ ऱ्हास थांबवत नाहीत. म्हणून माणसाच्या उरलेल्या क्षमता वापरात ठेवणे, त्याचा दिवस सुसह्य करणे आणि त्याला सांभाळणाऱ्यांचा भार हलका करणे या औषधाविना होणाऱ्या कामाला या टप्प्यावर विशेष मोल आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांचा विचार करताना या कामाविषयी एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: येथे असा आधार नवा उपक्रम आणून उभा राहतो त्याहून अधिक, त्या माणसाचा घरच्या आणि शेतातल्या कामातला वाटा टिकवून उभा राहतो, आणि वाटा टिकवणे हे आपोआप घडत नसून त्यासाठी शिकून घ्यावे लागणारे कौशल्य लागते.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, आणि हे दोन तालुके त्याच्या उत्तर टोकाला, गुजरात व दादरा-नगर हवेली यांच्या सीमेला लागून आहेत. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीच्या लोकसंख्येत सुमारे नऊ दशांश आणि डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे असून, त्यांत वारली बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यासोबत कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी व काथोडी यांची वस्ती आहे. किनाऱ्यावर मांगेला आणि माच्छी मच्छीमार राहतात, तर घोलवड-बोर्डी पट्ट्यात चिकूच्या वाड्या पसरल्या असून तेथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात गाव म्हणजे एकमेकांपासून अंतर राखून वसलेल्या पाड्यांचा समूह असतो. डहाणू, कासा आणि तलासरी येथे शासकीय रुग्णालये आहेत, पण मेंदूविकारतज्ज्ञाला गाठायचे तर बहुधा वापी, वलसाड किंवा मुंबईची वाट धरावी लागते, आणि २०१३ पासून विरार-डहाणू लोकल सुरू झाली असली तरी पाड्यावरून स्टेशनापर्यंत पोचण्यातच मजुरीचा दिवस बुडतो.

हा आजार शहरी सुखवस्तूंचा, असा एक समज आहे; त्याला राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने छेद दिला आहे. भारतातील वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीचा भाग म्हणून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोक, असे अनुमान निघाले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत व शिकलेल्यांपेक्षा शाळेत न गेलेल्यांत ते अधिक आढळले. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील वृद्ध स्त्री या तिन्ही निकषांत बसते. तरीही ती रुग्ण म्हणून दवाखान्यात क्वचितच पोचते, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत जी समजूत साठवलेली आहे, तिच्या आधारे तिचे विसरणे वयाच्या खाती जमा होते, आणि ते वाढून तिचे वागणे बदलले की ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिले जाते किंवा बाहेरची बाधा समजून भगताकडे नेले जाते.

ओळख पटवण्याचे एक साधन शासकीय यंत्रणेत आधीपासून आहे. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो समुदाय-आधारित मूल्यमापन तक्ता भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी काही वेगळे प्रश्न असून, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का, असा त्यांतील एक आहे. हा प्रश्न उपयोगी असला तरी पाड्यावर तो उशिरा पकडणारा ठरतो, कारण नातवंडांची नावे विसरण्याची वेळ येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि ज्या वस्तीत घर पाड्याच्या व माणसाच्या नावानेच सांगितले जाते, तिथे पत्ता विसरणे या कल्पनेलाच फारसा अर्थ उरत नाही. आरंभीच्या खुणा निराळ्या असतात: आठवडे बाजारात सुट्या पैशांचा हिशेब दुकानदारावर सोडून देणे, भातात दोनदा मीठ पडणे, कोंबड्यांचे खुराडे संध्याकाळी उघडे राहणे, रेशन आणले की नाही हे घडीघडी विचारणे, ज्या वाटेने जन्मभर लाकडे आणली त्या वाटेवर एखाद्या फाट्यापाशी थबकणे. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी रचलेल्या चाचण्या इथे दिशाभूल करतात, कारण शाळा न पाहिलेल्या स्त्रीला आकृती उतरवता आली नाही तर त्यातून तिच्या मेंदूविषयी काही कळत नाही. ‘दहा-सहासष्ट’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने म्हणूनच, शिक्षणाचा परिणाम कमीत कमी राहील अशी पद्धत विकसित केली आणि तीत घरातल्या माणसाची मुलाखत महत्त्वाची मानली. पाड्यावरही ‘आजीला काय आठवते’ यापेक्षा ‘गेल्या आवणीच्या (भातलावणीच्या) वेळी आजी कोणते काम एकटीने करत होती आणि या आवणीला ते कोण करते’ हा प्रश्न सुनेला विचारला, तर उत्तर नेमके मिळते.

औषधाविना आधार म्हणजे डॉक्टरांविना आधार नव्हे, हे या कामात पुनःपुन्हा बजावून सांगावे लागते. शरीरातील बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीत साठलेले रक्त, मद्याचे दीर्घ सेवन किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसराळूपणा येतो आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. तसेच मोतिबिंदूमुळे न दिसणारा किंवा कानाने न ऐकणारा वृद्ध पुष्कळदा बुद्धीने मंदावल्यासारखा भासतो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे चौदा टाळता येण्याजोगे धोके मांडले. ऐकू न येणे, दृष्टी जाणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान आणि एकाकीपणा हे त्यांत आहेत, आणि हे सर्व धोके दूर करता आले तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू वा लांबू शकतील, असे या आयोगाचे अनुमान आहे. त्यामुळे पाड्यावरील पहिली मदत ही बहुधा रक्तदाब मोजण्याची, मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घालण्याची आणि ताडी-दारूविषयी घरच्यांशी मोकळेपणाने बोलण्याची असते. भगताला विरोध करून पाड्यावर काहीच साधत नाही. त्याचा विधी होऊ द्यावा आणि त्याच्याच तोंडून दवाखान्यात जाण्याचा सल्ला यावा, हे अधिक शहाणपणाचे ठरते.

औषधाविना उपायांपैकी सर्वांत अभ्यासलेला उपाय म्हणजे बोधनात्मक चालना, म्हणजे लहान गटात ठरावीक विषयांवर बोलणे, खेळणे, वस्तू हाताळणे आणि मते मांडणे यांतून विचारशक्तीला सौम्य व्यायाम देण्याची पद्धत. एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात तिची रचना करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले; सात आठवड्यांत चौदा सत्रे असा तिचा आराखडा असून, सौम्य व मध्यम टप्प्यातील लोकांच्या विचारशक्तीत आणि जीवनमानात तिने माफक पण मोजता येणारी सुधारणा होते, असे दिसले. पुढे टांझानियातील हाई या ग्रामीण जिल्ह्यात, जेथे अनेक वृद्ध निरक्षर आहेत, तिचे रूपांतर करण्यात आले, तसेच चेन्नईतील स्किझोफ्रेनिया संशोधन प्रतिष्ठानाने भारतीय वृद्धांसाठी तिच्यावर काम केले. या पद्धतीतील एक तत्त्व पाड्यावर जसेच्या तसे लागू पडते: वस्तुस्थिती विचारू नये, मत विचारावे. ‘ही लग्ने कोणत्या साली झाली’ या प्रश्नाने वृद्ध गप्प होतो, पण ‘पूर्वीची लग्ने बरी की आताची’ असे विचारले की तो तासभर बोलतो, कारण मताला चूक-बरोबर नसते. उलट, वर्तमानपत्रातील बातम्या, भिंतीवरचे कॅलेंडर, शब्दकोडी हा त्या आराखड्यातील ऐवज इथे पोकळ ठरतो. काळाचे भान द्यायचे तर तारखेऐवजी बाजाराचा दिवस, चंद्राची कला आणि शेतात चाललेले काम यांचाच आधार घ्यावा लागतो.

शिकवणे माणसाच्या कामापाशी घेऊन जाण्याची परंपरा डहाणू तालुक्यात पूर्वीच घडली आहे. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीत आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम रुजले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी पाड्याच्या अंगणात भरणारी अंगणवाडी चालवली, आणि मोठी मुले गुरे राखायला जातात म्हणून शिक्षकाने कुरणात जाऊन शिकवायची कुरणशाळा काढली. मुलाने गुरे सोडून शाळेत यावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. गुरे राखणे हेच त्या मुलाचे घरातले स्थान आहे, हे त्यांनी ओळखले होते. वृद्धांच्या बाबतीत हीच दृष्टी अधिक लागू पडते. पाड्यावर निवृत्ती नावाची अवस्था नसते, माणूस जमेल तितके काम करतच राहतो आणि कामावरूनच त्याची किंमत ठरते. म्हणून चुका होऊ लागल्यावर घरच्यांनी मायेपोटी म्हातारीला ‘आता बसा’ म्हणून ओटीवर बसवले की तिचा वाटा जातो, वाट्याबरोबर बोलण्याचे विषय जातात, आणि काही महिन्यांत ती आजाराच्या मानाने कितीतरी अधिक मिटून जाते.

वाटा टिकवण्याचे कौशल्य मुळात निरीक्षणाचे आहे. आशासारखी कार्यकर्ती एखादे काम आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता पाहते आणि ते नेमके कोणत्या पायरीवर अडते हे हेरते. तांदळाच्या भाकरीचे उदाहरण घ्यावे: पाणी उकळणे, पीठ घालून उकड काढणे, मळणे, थापणे, तव्यावर टाकणे आणि चुलीचा जाळ सांभाळणे अशा तिच्या पायऱ्या आहेत. अल्झायमरमध्ये नवी गोष्ट साठवणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो, पण सरावाने हातात मुरलेली क्रिया, जिला कार्यपद्धतीची स्मृती म्हणतात, ती मेंदूच्या अन्य भागांवर अवलंबून असल्यामुळे पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणून मळणे आणि थापणे यांत म्हातारी चुकत नाही. ती चुकते ती मीठ घातले की नाही हे आठवण्यात, किंवा अंगणात कोणी हाक मारल्यावर चुलीवर तवा आहे हे विसरण्यात. मग मीठ आणि जाळ एवढेच सुनेने आपल्याकडे घ्यावे, भाकरी मात्र सासूनेच थापावी, अशी वाटणी ठरते. सारे काम काढून घेण्यापेक्षा ही वाटणी अवघड असते, कारण तीत सुनेला थांबावे लागते, आणि भल्या पहाटे कामाला निघायच्या गडबडीत थांबणे हीच सर्वांत महाग गोष्ट असते.

हाच विचार इतर कामांना लागू करता येतो. कोणत्या खाचरात पाणी थांबते, कोणते बी कोठे लावावे, पहिल्या पावसानंतर शेवळी आणि करटोली रानात कोणत्या बाजूला उगवतात, हे जुने ज्ञान आरंभीच्या टप्प्यात बरेच शाबूत असते. ते विचारायला नातवाला सोबत पाठवले तर म्हाताऱ्याचा सल्लागार म्हणून मान राहतो आणि तो वाट चुकण्याची भीतीही उरत नाही. शेळ्या चारायला जायचे तर ठरलेली वाट आणि दुसऱ्या राखणाऱ्याची सोबत असावी. धान्य सुपात पाखडणे, शेंगा सोलणे, दोरी वळणे ही एकाच लयीत चालणारी, चूक झाली तरी नुकसान न होणारी कामे दीर्घकाळ टिकतात. किनाऱ्यावर बोंबील सुकवण्यासाठी बांबूच्या वलांडीवर टांगण्याचे काम याच जातीचे, आणि ते चार बायांच्या संगतीत होत असल्यामुळे अधिकच हिताचे. फक्त विक्रीच्या वेळी टोपल्या मोजणे दुसऱ्याने पाहावे. मजुरीचे मात्र तसे नाही. चिकूच्या वाडीत फळांची निवड करणारी स्त्री मंदावली की तिला पुन्हा बोलावणे येत नाही, कारण तेथे कामाची गती मोजली जाते. म्हणून घरच्या कामातला वाटा टिकवता येतो तसा मजुरीतला बहुधा टिकत नाही, आणि ज्या भूमिहीन घरात मजुरी हेच एकमेव काम आहे तिथे या साऱ्या पद्धतीचा पाया अरुंद होतो.

वारली चित्रकलेचा विचार बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पहिल्यांदा येतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती जगभर पोचवली, तेव्हा वृद्धांना रंग आणि कागद द्यावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परंपरेत लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत, लग्नविधी चालवणारी धवलेरी त्याला गाण्यांची जोड देई, आणि तो विधीचा भाग होता. प्रत्येक वारली वृद्धाने चित्र काढलेले असेलच असे नाही, आणि विधीतली गोष्ट विरंगुळा म्हणून मागितलेली कित्येकांना रुचत नाही. ज्या स्त्रीने चौक लिहिला असेल तिला लग्नघरी सन्मानाने बोलावून तिच्याकडून एखादी रेघ लिहवून घेणे, हे कागदावरच्या दहा सत्रांहून मोलाचे ठरते. तारप्याचा नाच आणि गाणी यांचेही तसेच आहे. परिचित संगीत उशिरापर्यंत टिकते, त्यामुळे ज्याला नातवाचे नाव चटकन सुचत नाही तोही फेरात पाऊल चुकत नाही, असे घडू शकते, आणि पाड्याला तो माणूस अजून आपल्यातला आहे हे पटायला यापेक्षा दुसरा पुरावा लागत नाही.

बोलण्याच्या काही साध्या शिस्ती घरच्यांना शिकवाव्या लागतात. एका वेळी एकच सूचना द्यावी. तोच प्रश्न पुन्हा आला तर पहिल्यांदाच आल्यासारखे उत्तर द्यावे. आणि मुख्य म्हणजे परीक्षा घेऊ नये. ‘आजी, मी कोण सांग पाहू’ ही लाडाची म्हणून विचारलेली कसोटी आरंभीच्या टप्प्यातील माणसाला चारचौघांत उघडे पाडते. त्याऐवजी नातवंडाने ‘आजी, मी धाकट्या काकाची पोर’ असे सांगतच जवळ यावे. लहान मुले ही रीत मोठ्यांहून लवकर उचलतात.

सांभाळणाऱ्या माणसाकडे लक्ष दिल्याखेरीज हे काही टिकत नाही, याचा सर्वांत भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातून आला आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्देश व तिसवाडी तालुक्यांतील ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक भाषा जाणणाऱ्या, थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या गृहसल्लागार सहा महिने नियमितपणे घरी जात, आजाराची माहिती देत, त्रासदायक वागणुकीला कसे सामोरे जावे ते सांगत आणि शासकीय लाभ मिळवून द्यायला मदत करत. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा ताप कमी झाला. रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेत मात्र निश्चित म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे वाचला पाहिजे: भेटींनी आजार हटत नाही, पण घर मोडत नाही. पाड्यावर हा भार जवळजवळ नेहमी सुनेवर किंवा लेकीवर असतो, आणि आठवड्यातून एक दुपार शेजारणीने म्हातारीला आपल्या अंगणात बोलावले तरी त्या सुनेला वा लेकीला श्वास घ्यायला उसंत मिळते.

या भागातील खरी कसोटी मात्र दिवाळीनंतर लागते. भातकापणी आणि झोडणी उरकली की अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा शहरातील बांधकामांवर जातात, होळीला काही दिवस परततात आणि पावसाच्या तोंडावर शेतीच्या हंगामासाठी येतात. मागे उरतात ते वृद्ध आणि काही मुले. ज्या घरात पावसाळ्यात वाटणी उत्तम बसलेली असते, तेच घर माघात रिकामे असते आणि चुलीपाशी लक्ष ठेवणारे कोणी नसते. वृद्धाला सोबत भट्टीवर नेले तर अनोळखी झोपडीत त्याचे दिशाभान आणखी ढळते. जागा बदलण्याचा हा परिणाम नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेच्या वेळी लक्षात घ्यावा असा होता, कारण तेव्हा लोक भीतीने रात्री घराबाहेर झोपू लागले, आणि बदललेली झोपेची जागा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला सर्वांहून अधिक गोंधळवते. म्हणून आधाराचे वेळापत्रक शेतीच्या पंचांगाला बांधून घ्यावे लागते: कापणीपूर्वीच कोण जाणार, कोण राहणार, मागे राहिलेल्यांत कोणाची नजर कोणावर असेल आणि एक वेळचे जेवण कोठे होईल, हे कुटुंबाने, शेजाऱ्याने आणि आशाताईने एकत्र बसून ठरवणे, हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे सत्र होय.

आरंभीच्या टप्प्याचे आणखी एक महत्त्व या तालुक्यांत तीव्र आहे. वनहक्क कायदा २००६ खालील पट्टे पुष्कळदा वृद्धांच्या नावे असतात, आणि मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेसारख्या प्रकल्पांचा मार्ग याच तालुक्यांतून जात असल्यामुळे जमिनीच्या कागदांवर सही किंवा अंगठा मागायला माणसे दारात येतात. या टप्प्यातील व्यक्ती, गोष्ट तिच्या भाषेत आणि सावकाश समजावली तर, आपल्या मनाप्रमाणे निर्णय घेऊ शकते. वर्ष-दोन वर्षांनी कदाचित घेऊ शकणार नाही. म्हणून पेन्शनचे पैसे कोण काढणार, जमिनीबाबत तिची इच्छा काय, पुढे कोणाजवळ राहायचे, हे तिला विचारून, पाड्यातील विश्वासू माणसांसमक्ष ठरवून ठेवणे हाही आधाराचाच भाग आहे, आणि कोणत्याही गोळीने तो भरून निघत नाही.

पाडा म्हणजे आपोआप सांभाळ, असे चित्र रंगवणे सोपे असले तरी ते खरे नाही. तेथेही म्हातारीला हसले जाते, तिचे पैसे लाटले जातात, आणि थकलेली सून तिच्यावर ओरडते. आजार पुढे सरकतो, मळणारे हातही एक दिवस थांबतात, आणि मग वाटणी नव्याने करावी लागते किंवा निव्वळ सेवा उरते. तरीही आरंभीची दोन-तीन वर्षे माणूस कामात, बोलण्यात आणि निर्णयात राहिला, तर पुढच्या काळासाठी कुटुंबाजवळ त्याच्या आवडीनिवडींची आणि इच्छांची माहिती असते, व सांभाळण्याची सवय हळूहळू अंगवळणी पडलेली असते. यासाठी नवी संस्था उभारावी लागत नाही. आशाच्या तक्त्यात कामातील बदलाविषयी एक प्रश्न वाढवणे, तो विचारण्याचे आणि काम पायऱ्यांत पाहण्याचे प्रशिक्षण तिला देणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विसराळूपणाची उपाय करता येण्याजोगी कारणे तपासण्याची सोय ठेवणे आणि स्थलांतरापूर्वीची बैठक दरवर्षी घडवणे, एवढे झाले तरी आज ओटीवर बसवून ठेवलेल्या कित्येकांना आपला वाटा परत मिळेल.